अंगणात कुडा असावा

आमच्या शाळेच्या मागील बाजूस, पाण्याच्या टाकीपासून वीसेक पावलांवर, पडक्या गडग्याला लागून कुड्याची तीन झाडे होती. 'होती' असे लिहावे लागते, याचे कारण मीच आहे. दोन वर्षांपूर्वी फाल्गुनाच्या अखेरीस शाळेत एक समारंभ व्हावयाचा होता आणि आवाराच्या साफसफाईचे काम माझ्याकडे आले होते. कुड्याची पानगळ झालेली होती. नुसत्या करड्या काटक्या आणि त्यांना जोडीजोडीने लोंबणाऱ्या वाळक्या, उकललेल्या शेंगा, एवढेच तेथे दिसत होते. "हे वाळलेले रान काढून टाका," असे मी गड्यांना सांगितले. अर्ध्या तासात काम झाले. गडगा स्वच्छ दिसू लागला आणि मला त्याचे समाधानही वाटले.

जून महिन्यात शाळा भरू लागली, त्याच आठवड्यात पलीकडच्या वाडीतील एक वृद्ध स्त्री हातात धुतलेले लुगडे आणि वेताची टोपली घेऊन मागच्या वाटेने आवारात आली. गडग्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली. मी जवळ गेले तेव्हा तिने विचारले, "बाई, हितली झाडं कुठं गेली वो? मी दरसाली फुलं वेचाया येतो हितं." सरपणासाठी विचारत असेल असे मला प्रथम वाटले. मग तिने सांगितले की, झाडाखाली लुगडे पसरावयाचे, रात्रीतून गळलेली फुले सकाळी गोळा करावयाची, सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवावयाची आणि पावसाळाभर नातवंडांच्या पोटासाठी वापरावयाची, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम होता. मी म्हटले, "आजी, चूक झाली. मीच तोडायला सांगितली." ती रागावली नाही. टोपली उलटी करून डोक्यावर घेतली व निघून गेली. ती रागावली असती तर मला बरे वाटले असते.

या प्रसंगात एक गोष्ट मला अधिकच लाजविणारी होती. मराठीच्या तासाला मेघदूताची कथा मी दरवर्षी सांगते. रामगिरीवर विरहात दिवस कंठणारा यक्ष आषाढातील मेघ पाहून त्याचे स्वागत करतो, तेव्हा त्याच्यापाशी अर्घ्यासाठी रत्ने नाहीत की कमळे नाहीत. तो ताजी कुटजकुसुमे वाहतो. 'कुटज म्हणजे एक प्रकारचे रानफूल' असे मी फळ्यावर लिहून देत असे आणि मुलेही ते निमूटपणे वहीत उतरवून घेत. कुटज म्हणजेच आपला कुडा. आमच्या कोकणीत कुडो, येथील कन्नड शेजाऱ्यांचा कोडसिगे. वर्गाच्या खिडकीतून जो दिसत होता, त्याचा अर्थ मी कोशातून सांगत होते! कालिदासाने मेघासाठी हेच फूल का निवडले, हे एकदा ज्येष्ठात आपल्या गावच्या रानात गेले की टीकाकारांना न विचारता समजते. पहिल्या सरी येतात तेव्हा डोंगराच्या उतारावर, वाटेच्या कडेला, कोणी न लावलेला कुडा पांढऱ्या झुबक्यांनी भरून गेलेला असतो. रानात राहणाऱ्याच्या हाताशी त्या दिवसांत जे सहज येते, तेच यक्षाने दिले.

विद्यार्थिमित्रांनो, ज्याच्याविषयी बोलावयाचे ते आधी नीट ओळखले पाहिजे, आणि कुड्याच्या बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे. कुडा कण्हेरीच्या कुळातला. या कुळात कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांसारखी अत्यंत विषारी झाडेही आहेत. शिवाय 'कुडा' हे नाव गावागणिक निरनिराळ्या झाडांना देतात. खरा कुडा हे झुडूप किंवा लहानसे झाड असते. पाने समोरासमोर, तोडली की पांढरा चीक येतो. फूल पाच पाकळ्यांचे, पांढरे, सुगंधी, त्याचा घसा साधा व मोकळा. शेंगा हातभर लांब, पेन्सिलीहूनही बारीक, जोडीने येतात आणि दोन्हींची टोके सुटी असतात. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखा तुरा असतो व त्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. (याच काळ्या कुड्याच्या पांढऱ्याशुभ्र लाकडाची चन्नपट्टणची लाखेची खेळणी होतात, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी ती असतील.) तिसरा नागलकुडा. त्याचे फूल खऱ्या कुड्याशी फसवे साम्य दाखविते. पण त्याला लांब शेंगा येत नाहीत, आखूड, वाकडी, पिकल्यावर नारिंगी होणारी जोडफळे येतात. तो खाण्याचा नव्हे. म्हणून घरातील जाणत्या माणसाने झाड दाखविल्यावाचून आणि त्याच्या शेंगा स्वतः पाहिल्यावाचून कोणत्याही पांढऱ्या फुलाला स्वयंपाकघरात आणू नये.

माझे बालपण गोव्यात, सत्तरीच्या रानालगतच्या एका गावी गेले. वैशाखाच्या अखेरीस आजी आम्हा मुलांना पहाटे कुड्याखाली धाडीत असे. मी फांदी वाकविली की तिचा आवाज येई, "झाडाक हात लावूं नाका गो, सकयल पडल्यांत तीं वेंच." ताज्या फुलांची भाजी ती अशी करी: फुले दोन पाण्यांत धुऊन, एक उकळी काढून, घट्ट पिळून कडवटपणा कमी करावयाचा, मग कांदा, हिरवी मिरची यांवर परतून वर ओले खोबरे. कधी त्यात भिजविलेली मुगाची डाळ घाली. कडवटपणा पूर्ण जात नाही आणि तो जाऊही नये. त्या भाजीची चव त्यातच आहे. वाळलेल्या फुलांचा प्रकार निराळा. पाऊस लागला, अंगणात चिखल झाला आणि कोणाचे पोट बिघडल्यासारखे वाटले, की मूठभर वाळकी फुले थोड्या तुपात जिऱ्यामिऱ्यांबरोबर परतून, खोबऱ्याबरोबर वाटून ताकात कालवी आणि वर मोहरीची फोडणी देई. पुढे उत्तर कन्नडातील एका मैत्रिणीच्या घरी जेवावयास बसले असता नेमका हाच पदार्थ पानात आला. ते त्याला तंबुळी म्हणतात. भाषा दुसरी, पदार्थ तोच, आणि तो वाढताना तिच्या आईने पावसाळ्याविषयी सांगितलेल्या गोष्टीही माझ्या आजीच्याच. कोवळ्या शेंगांची भाजी तर सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना होते. शिरा काढून, उकडून, बारीक चिरून हरभऱ्याच्या डाळीबरोबर ती उत्तम लागते. जून झालेली शेंग मात्र दातांनाही दाद देत नाही.

कुड्याचे औषधी गुण केवळ आजीबाईच्या बटव्यातले नव्हेत. चरकसंहितेत कुड्याच्या सालीची गणना आपल्या कार्यातील श्रेष्ठ द्रव्यांत केलेली आहे. कुटजारिष्ट आजही औषधांच्या दुकानात मिळते. आणि कुड्याचे बी, म्हणजे कडू इंद्रजव, जुन्या घरांत सुंठीच्या शेजारी ठेवलेले असे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि त्याचा औषधींवरील ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मलबारी लोक आमांशावर वापरीत असलेल्या एका झाडाचे वर्णन आहे. ते झाड कुडाच होय असे पुढील अभ्यासकांनी ठरविले. पुढे 1678 पासून ॲमस्टरडॅम येथे 'हॉर्टस मलबारिकस' या महाग्रंथाचे बारा खंड प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच खंडात 'कोडगपाल' या मलयाळी नावाने कुड्याचे चित्र आहे. त्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचे 1675 सालचे प्रमाणपत्र आपल्या नागरी लिपीत छापलेले आहे. माझ्या मातृभाषेच्या वैद्यांची अक्षरे आणि माझ्या आजीच्या झाडाचे चित्र एकाच पुस्तकात आहे, ही गोष्ट मला ठाऊक झाली तेव्हा तोडलेल्या तीन झाडांचे ओझे आणखी वाढले.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लहान मुलाला जुलाब सुरू झाले तर प्रथम मीठ-साखरेचे पाणी आणि दवाखाना. कुड्याची साल उकळीत घरी बसू नये. जुलाबात बालकाच्या अंगातील पाणी झपाट्याने जाते आणि तेच जिवावर बेतते. सालीत व बियांत तीव्र द्रव्ये असतात, त्यांची मात्रा ठरविणे हे वैद्याचे काम. ताकातील फुलांचा घोट हा आहार आहे. त्याला आहाराच्या जागीच ठेवावे, म्हणजे त्याचा मानही राहतो.

आता माझ्या म्हणण्याच्या मुख्य मुद्द्याकडे येते. कुड्याला मागणी आहे ती मुख्यतः सालीसाठी, आणि साल काढणाऱ्याच्या कोयत्याला बहुधा घाई असते. खोडाभोवती पुरता वळसा घालून साल सोलली की पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत पोहोचावयाचा मार्गच तुटतो. वरचे झाड वाळते. कुडा चिवट असल्याने बुंध्यापासून पुन्हा फुटतो, परंतु फुलोऱ्याची काही वर्षे जातात आणि फुटवा जरा जाड झाला की कोयता पुन्हा येतो. एवढे करूनही घेणाऱ्याला खरी साल मिळेलच असे नाही. कुड्याच्या नावाने काळ्या कुड्याची साल खपविली जाई आणि त्यामुळे चांगले औषध बदनाम झाले, अशी तक्रार एकोणिसाव्या शतकातील औषधिग्रंथांतही आढळते. साल घेणे हे झाडाचे भांडवल खाणे आहे. बाजारात अलीकडे झुबकेच्या झुबके खुडून वाट्यावर विकतात, तेही मला पटत नाही. खुडलेल्या झुबक्यात उद्याच्या कळ्या असतात, शेंगा धरावयाच्या असतात आणि तो झुबका ज्यांच्यासाठी उमलला ते पाहुणे अजून यावयाचे असतात.

कुड्याच्या फुलाची नळी अरुंद आहे. मध तिच्या तळाशी आणि पुंकेसर आतच दडलेले. लांब सोंडेची फुलपाखरे आणि संध्याकाळी सुगंध दरवळू लागल्यावर येणारे पतंग यांना तेथवर पोहोचता येते. मधमाश्याही झुबक्यांवर घोटाळताना दिसतात. त्यांच्या दृष्टीने हा फुलोरा फार मोक्याच्या वेळी येतो. उन्हाळ्यात फुलणारे बहुतेक वृक्ष तोवर फुलून गेलेले असतात आणि पुढे पावसाच्या माऱ्यात फुलांची वाण पडते. या दोहोंच्या सांध्यावर कुडा उभा असतो. आंब्याच्या मोहरावर, वेलीवरच्या भोपळ्यावर आणि कारल्यावर जे कीटक काम करतात, त्यांना वर्षाचे बाराही महिने काही ना काही खावयास मिळाले तरच ते आपल्या परसात टिकतील, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

आणि येथेच आजीच्या त्या दटावणीचा अर्थ मला उलगडला. कुड्याच्या पाकळ्या तळाशी एकसंध नळीने जोडलेल्या असतात व पुंकेसर त्या नळीलाच चिकटलेले असतात. फुलाचे काम झाले की पाकळ्या, नळी आणि पुंकेसर असा सारा डोलारा एकत्र गळून खाली येतो. ज्याची शेंग व्हावयाची तो बीजकोश मात्र देठावरच राहतो. म्हणजे खाली पडलेले फूल उचलल्याने झाडाचे काहीच जात नाही, पतंगाचेही जात नाही आणि पुढल्या पिढीचेही नाही. माझी आजी शाळेत गेली नव्हती. वाडीतल्या त्या आजींचीही गोष्ट तीच असावी. झाडाखाली लुगडे पसरणाऱ्या या दोघींच्या हातून कुड्याचा वापर आयुष्यभर झाला आणि झाड जसेच्या तसे उभे राहिले. शिकलेली मी, आणि मी एका सकाळी तीन झाडे आडवी केली.

तेव्हा माझे मत असे की, ज्याच्या घरापुढे वाव आहे त्याने कुंपणाला एक तरी कुडा लावावा, आणि शाळांनी तर लावावाच. आमच्या शिक्षकदालनात यावर बराच वाद झाला. एका सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, शाळेच्या आवाराला शोभा हवी, रान नको. तेथे गुलमोहर किंवा ड्युरांट्याची रेखीव कुंपणे शोभतात. गुलमोहराशी माझे वैर नाही. मादागास्करहून आलेल्या त्या पाहुण्याने आपल्या वैशाखाला रंग दिला आहे. पण वर्षातील चार महिने काटक्या दिसतात म्हणून कुड्याला 'रान' म्हणावयाचे असेल, तर गुलमोहरही पानगळीत काही फार देखणा नसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता: मुले चीक डोळ्यांत घालतील, भलतेच फूल खातील. हा धोका खराच आहे. परंतु कण्हेर आणि बिट्टी आपण कितीतरी आवारांत बिनदिक्कत लावतो आणि मुलांना त्यांविषयी एक अक्षरही सांगत नाही. झाड ओळखावयास शिकविणे हाच त्यावर उपाय, आणि शाळा त्यासाठीच आहे. तिसरा आक्षेप सापांचा होता. त्याला मी उत्तर दिले नाही, कारण गडग्यात साप कुड्याच्या आधीपासून आहेत.

लावावयाची रीत सोपी आहे. हिवाळा सरता सरता शेंगा तपकिरी होतात व उकलतात. आतील बियांना रेशमासारख्या केसांचा झुबका असतो, त्यामुळे एका वाऱ्यात सारे बी उडून जाते. म्हणून शेंग उकलण्याच्या बेतात आली की तिच्यावर फडक्याची पुरचुंडी बांधावी. बी फार जुने होऊ देऊ नये. रात्रभर भिजवून उन्हाळ्याच्या शेवटी पिशवीत पेरावे आणि रोप पाऊस लागल्यावर जमिनीत लावावे. जुन्या झाडाच्या मुळांपासून निघालेले फुटवे मुळासकट काढून लावले तरी चालतात. जागा उन्हाची हवी. जमीन जांभ्याची, खडकाळ, कशीही असो. पहिले दोन उन्हाळे थोडे पाणी घातले की पुढे तो कोणाकडे काही मागत नाही. कडू चिकामुळे गुरे त्याच्या वाटेस फारशी जात नाहीत, हा कुंपणाच्या झाडाचा मोठाच गुण. वाढू द्यावा तेवढा तो वाढतो, पण पुरुषभर उंचीचे झुडूप असतानाही फुलतो. म्हणून शहरातील लहानशा अंगणालाही तो जड होणार नाही.

आमच्या गडग्यापाशी काय झाले ते सांगून थांबते. तोडलेल्या तीन बुंध्यांपैकी एक साफसफाईच्या वेळी मुळासकट उपटला गेला होता, तो गेला. उरलेल्या दोहोंना पहिल्याच पावसात फुटवे आले. नववीच्या मुलांनी त्यांभोवती दगडांची कडी रचली आणि 'तोडू नये' अशी पाटी लावली. पाटीवरील अक्षर माझे आहे, कारण ती सूचना सर्वांत अधिक मलाच हवी होती. रानातून आणलेल्या बियांची अकरा रोपे टाकीच्या आडोशाला पिशव्यांत उभी आहेत. यंदाच्या जूनमध्ये एका फुटव्याला, माझ्या खांद्याएवढाही तो उंच नसताना, पहिला झुबका आला. सकाळी शिपाईमामांनी येऊन सांगितले, तेव्हा खाली ओल्या मातीवर सात फुले पडलेली होती. तंबुळीला ती पुरणारी नव्हती. पण पलीकडच्या वाडीतून येणाऱ्या एका मुलीजवळ मी ती कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि आजींना निरोप पाठविला की, लुगडे घेऊन यावयास अजून दोन वर्षे लागतील.